कुर्ल्याहून आणलेला पाइप

ओळीनं मांडलेले पाने, पकडी, डिसमिस. प्रत्येकावर झेंडूचं फूल. उदबत्ती कधीच विझलेली.

*

"साहेब, गाडी तो चालवत होता. मी शेजारी बसलो होतो." दोन वर्षांपूर्वीची कोर्टातली साक्ष. आवाज खणखणीत.

*

कुर्ल्याच्या भंगारबाजारात एक दुकान तळघरात आहे. दुकानदार दोन पाइप किल्लीनं वाजवून दाखवतो. एक टणटणतो. दुसरा बोदा वाजतो.

*

ट्रकवाला पोलिसांना सांगतो, "फियाट शिट्टी मारत मागनं आली. माझ्या बाजूला आली. मग शिट्टी बंद. समोरून टँकर."

*

वेसाव्यात एक बाई कोयत्याला धार लावते. आज तिला मासळी कापायची नाही.

*

नंदूला आधी टोपलीतला कोयता दिसला, मग बाई.

अंधेरी स्टेशनसमोरच्या माडीवर वसुधा रेगेचं ऑफिस होतं. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासता तपासता तिला माणसं तपासायचा नाद लागला आणि तिनं नोकरी सोडली. नंदू तिचा मामेभाऊ. 'डोकं ताईचं, डोळे माझे,' असं तो सगळ्यांना सांगायचा. डोळेही बऱ्याचदा उशिरा पोचायचे, ते सांगत नसे.

"मी सगुणा," बाई म्हणाली. "माझा भाऊ चंदर दसऱ्याला घोडबंदर रोडवर गेला. पोलीस म्हणतात अपघात. गॅरेजवाले म्हणतात, राजाराम फिटरनं गाडीत काहीतरी केलं. आमची पोरं आज संध्याकाळी त्याचे हात तोडायला निघालीत. मी म्हटलं, थांबा. हात तोडायचेच आहेत, पण चुकीच्या माणसाचे नकोत."

"आणि मी नाव दिलं तर?"

"तर बरोबर माणसाचे तुटतील."

"मी नाव पोलिसांसमोर सांगणार, सगुणाबाई."

"ढोल वाजवून सांगा. मना ऐकू आलं म्हणजे झालं."

वसुधानं चपला घातल्या. "नंद्या, ऊठ. संध्याकाळ फार लांब नाही."

*

साकीनाक्याला बळवंत सुर्व्यांच्या गॅरेजच्या आवारात चंदरची फियाट उभी होती. उभी कसली, अर्धी चेपून टेकली होती. बळवंत पोट सावरत बाहेर आला. ते पोट त्याच्या दोन पावलं पुढे चालत होतं.

"टर्बो म्हणजे काय, मला सोपं करून सांगा," वसुधा म्हणाली.

"फुंकणी हो, बाई. चुलीत फुंकर घातली की जाळ भडकतो ना, तसं. टर्बो शिट्टी मारत इंजिनात हवा कोंबतो. पण कोंबलेली हवा तापते, म्हणून मध्ये ही जाळी, इंटरकूलर. टर्बोतून जाळीत, जाळीतून कार्बोरेटरला, असा पाइप जातो. सांध्याला रबरी नळी, तिच्यावर क्लिप. सांधा निसटला की इंजिनचा दम गेला."

"आणि इथला सांधा निसटला. ट्रकच्या बाजूला असताना."

"आणि समोर टँकर." बळवंतनं मान फिरवली. "दसऱ्याचं सीमोल्लंघन करतो म्हणाला. दहिसर नाका ओलांडून मुंबईबाहेर जाऊन येतो. बॉनेटवर मी कुंकू लावलं, त्यानं नारळ फोडला, आणि गेला."

कार्बोरेटरकडचा सांधा उघडा पडला होता. पाइप अॅल्युमिनियमचा, आरशासारखा गुळगुळीत. रबरी नळी क्लिपसकट बाजूला लोंबत होती. वसुधानं नळीत बोट फिरवून नंदूच्या नाकाशी धरलं.

"खोबरेल?"

"फिटर लोक नळी चढवायला काय लावतात, बळवंतराव?"

"साबणाचं पाणी. चढवताना घसरतं, वाळलं की चिकटतं. तेल कोण लावेल?"

वसुधा बाकीच्या क्लिपा बघत होती. सगळ्यांच्या स्क्रूची डोकी वर, आभाळाकडे. या एकीचं डोकं जमिनीकडे.

"आपटल्यावर फिरली असेल," नंदू म्हणाला.

"मग रबरावर हा ठसा कसा?" क्लिपच्या डोक्याखाली, नळीच्या खालच्या अंगाला, रबर दबलं होतं. "ती तिथेच आवळली होती, नंद्या. नीट, घट्ट."

स्क्रूच्या खाचेत काहीतरी लाल होतं. नंदू एक पाऊल मागे सरकला. "रक्त."

"किंवा गंज." तिनं गॅरेजच्या दारावरची लिंबू-मिरची ओढली, लिंबाला नख मारलं आणि एक थेंब त्या खाचेवर पिळला. लाल होतं ते पिवळं झालं. तिनं लिंबू नंदूच्या खिशात टाकलं.

*

चौकशी बळवंतपासून सुरू झाली.

"खंडेनवमीला संध्याकाळी पूजा मांडली. गॅरेजची सगळी हत्यारं पाटावर. त्यानंतर कुणी हात लावायचा नाही, दसऱ्याला सकाळी उचलायची. मी घरी गेलो. चाव्या तिघांकडे, मी, राजाराम आणि शिवदास. शिवदास तर इथेच राहतो. पण तो लंगडा काय करणार? राजारामला मात्र पूजेचं सोयरसुतक नाही. त्याची पेटी पाटावर ठेवायला देत नाही, कुलूप घालून ठेवतो. पूजेतली वस्तू उचलायला त्याचाच हात धजेल."

"पूजा उचलताना काही वेगळं दिसलं?"

"नाही. म्हणजे… एका डिसमिसला नुसतंच कुंकू होतं. मी प्रत्येकाला आधी हळद लावतो, मग कुंकू. म्हटलं, म्हातारपण आलं. विसरलो."

"इंजिनावर काम करताना तुम्ही गाडीखाली शिरता?"

बळवंतनं पोटावर थाप मारली. "हे घेऊन? वीस वर्षांत नाही!"

राजाराम गायकवाड भिंतीशी उभा होता. शर्ट इस्त्रीचा, जबडा आवळलेला. फाटकाबाहेर कोळीवाड्याची दोन-तीन पोरं येऊन बसली होती. तो त्यांच्याकडे बघत नव्हता, आणि बघत नसल्याचं लपत नव्हतं.

"गॅरेजवाले सांगतात, 'मरशील' असं तुम्ही चंदरला म्हणालात?"

"म्हणालो, मॅडम. लोखंडी पाइप आण म्हटलं. त्याच्या टोकाला मी कॉलर काढली असती, गोल उंचवटा, बांगडीसारखा. मग क्लिप ढिली झाली तरी नळी त्याच्यावरून निसटत नाही. अॅल्युमिनियम पातळ. कॉलर काढायला गेलं की चिरतं. चंदरला पटलं होतं. कुर्ल्याला गेला लोखंडी आणायला, आणि आला हा आरसा घेऊन. मग तोंडाला आलं ते बोललो."

"तरी बसवलात."

"गाडी त्याची. पण मी बसवला तेव्हा कोरडा होता आणि स्क्रू वर होता. मी नेहमी वरच ठेवतो, वरून डिसमिस चालवता येते. दसऱ्याला पहाटे आलो, सगळे सांधे हातानं ओढून बघितले. घट्ट होते. वाकून बघितलं नाही, ती माझी चूक. मग घाटकोपरला विहारात गेलो. आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो."

"तुमची पेटी?"

"तिकडे. किल्ली माझ्या गळ्यात." त्यानं शर्टातून दोरा ओढून दाखवला. मग पहिल्यांदाच फाटकाकडे मान केली. "मॅडम, हे हात गेले तर माझ्याकडे दुसरं काय आहे?"

वसुधा आत जायला वळली. घड्याळाकडे तिनं बघितलं नाही. तेव्हा नंदूनं बघितलं.

शिवदास आत होता. चाकाच्या फळीवर पाठीवर पडून, दोन्ही हातांनी जमीन ढकलत तो एका टॅक्सीच्या खालून बाहेर आला. उजवा पाय मांडीपासून नव्हता. कुबड्या भिंतीला टेकलेल्या.

"बसा ना, ताई. खुर्ची नाही, टायर आहे." हसला. कपाळावर कुंकवाचा ठसठशीत टिळा, वर देवीचा फोटो, फोटोपुढे समई. "चंदर म्हणजे माझा यार. शाळेपासूनचा. पाय गेला तेव्हा त्यानंच मला बळवंतकाकांकडे चिकटवलं."

"पाय कसा गेला?"

"गाडी झाडावर गेली."

"कोण चालवत होतं?"

"कोर्टात ठरलंय ना, ताई. मी." हसू जागच्या जागी राहिलं.

"पाइप कुणी निवडला?"

"चंदरनंच. चकचकीत दिसला की भुलायचा. मी गेलोच नाही. ते दुकान तळघरात. तिथल्या पायऱ्या मला कशा जमणार?"

"बरोबर," नंदू मनात म्हणाला.

*

कुर्ल्याला पायऱ्या बघून तर नंदूची खात्रीच पटली. अरुंद, खड्या, शेवाळलेल्या. कठडा नाही. दोन पायांचा नंदूसुद्धा वरच थांबला. ताई एकटी उतरली. वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की नंदूनं चहा विचारायचा बेत रद्द केला.

"चंदरनं लोखंडी पाइप पसंत केला होता," ती म्हणाली. "बांधायला दिला होता. बरोबरच्या माणसानं अॅल्युमिनियम त्याच्या हातात दिला. 'हा घे, हलका आहे, तुझ्या गाडीला शोभतो,' म्हणाला."

"बळवंत!" नंदूनं चुटकी वाजवली. "राजाराम तर उलट भांडत होता. आणि शिवदास उतरणार कसा?"

"रिक्षा थांबव. वाटेत साकीनाका चौकीवर हवालदाराला घ्यायचंय."

*

ऊन कलायला लागलं होतं. फाटकाशी आता पोरांचा घोळका होता. सगुणा आत टायरवर बसली होती, टोपली पायाशी. हवालदार दारात उभा राहिला. टॅक्सीच्या आडोशाला शिवदास फळीवर, बळवंत स्टुलावर, राजाराम अजून त्याच भिंतीशी.

"गाडीचं काम केलंय ते नवमीच्या पूजेनंतर," वसुधानं सुरुवात केली. "क्लिप सोडली, नळी काढली, आत तेल माखलं, पुन्हा चढवून घट्ट आवळली. हातानं ओढून बघणाऱ्याला काही कळू नये. पण टर्बो पूर्ण जोरात आला की तेलकट नळी त्या आरशावरून सुळकन निघणार. आणि टर्बो पूर्ण जोरात कधी येतो? चंदर ओव्हरटेक करतो तेव्हा."

"पूजेनंतर कशावरून?" हवालदारानं विचारलं.

"स्क्रूच्या खाचेत लाल होतं. लिंबू पिळल्यावर पिवळं झालं. रक्त होत नाही, गंज होत नाही. हळदीपासून केलेलं कुंकू होतं, आंबट लागलं की त्याची पुन्हा हळद होते."

"अहो, गाडीचीच पूजा केली होती मी!" बळवंत म्हणाला. "तेच सांडलं असेल."

"बॉनेटवरचं कुंकू खाली पडतं, बळवंतराव. स्क्रूचं तोंड जमिनीकडे होतं. कुंकू खालून वर उडत नाही. ते डिसमिसच्या टोकावरून खाचेत गेलं. म्हणजे डिसमिस पूजेतली होती."

"तेच तर मी म्हणतोय! पूजेतली वस्तू उचलणारा कोण? ज्याची श्रद्धा नाही तो!" बळवंतनं भिंतीकडे बोट केलं. सगुणाचा हात टोपलीत गेला.

"राजारामला पूजेतली डिसमिस कशाला लागेल?" वसुधाचा आवाज चढला नाही. "त्यांची स्वतःची पेटी आहे, पाटावर कधीच न ठेवलेली. किल्ली गळ्यात. कुंकवानं राजाराम अडकत नाहीत, सुटतात. त्या रात्री हत्यारासाठी पूजेत हात घालावा लागला तो ज्याच्याकडे दुसरं हत्यारच नव्हतं त्याला."

सगुणाचा हात टोपलीतच थांबला.

"आणि त्या माणसाची श्रद्धा आहे. भरपूर आहे. काम झाल्यावर त्यानं डिसमिस स्वच्छ पुसली, मग त्याला ती तशी कोरी ठेववेना. हळद लावायचं घाईत राहिलं, नुसतं कुंकू लावलं. देवाची माफी मागून ठेवली असेल. ज्याला पूजेचं काहीच वाटत नाही तो पुसून मोकळा झाला असता."

बळवंत स्टुलावरून अर्धवट उठला. "मी नाही. आईशपथ…"

"तुम्ही नाही. तुम्ही बॉनेटवरून काम करता, तुम्ही स्क्रूचं तोंड वर ठेवलं असतं. ही क्लिप खालून आवळली आहे, जमिनीवर बसून, हात वर घालून. बॉनेटवर ओणवं व्हायला दोन पाय लागतात."

चाकाची फळी किंचित मागे सरकली.

"तेल देवीपुढच्या समईतलं," वसुधा म्हणाली. "पण खून तेव्हा सुरू झाला नाही, शिवदास. कॉलरवाला लोखंडी पाइप असता तर ते तेल फुकट गेलं असतं. खून कुर्ल्याला झाला. लोखंडी बाजूला सारून तू त्याच्या हातात हा दिलास तेव्हा. तू त्या पायऱ्या उतरला होतास. कसा, ते तुला माहीत आहे. दुकानदाराच्याही चांगलं लक्षात आहे."

शिवदासनं पहिल्यांदा नजर खाली घातली. वर केली तेव्हा हसू गेलं होतं.

"गाडी तो चालवत होता," तो म्हणाला. "झाडावर त्यानं घातली. पाय माझा गेला, लायसन माझं गेलं, आणि कोर्टात उभा राहून तो सांगतो, हा चालवत होता. खणखणीत. पुन्हा रोज येऊन मला चहा पाजायचा. जसं काही देणं फिटलं." त्यानं मान वळवली. "आणि सगुणा, तू कोयता घेऊन आलीस होय? कोर्टाच्या पायरीवर त्याला कोण पढवत होतं? 'शिवदासचा पाय तर गेलाच आहे, त्याचं आता आणखी काय जाणार?' मी मागे स्ट्रेचरवर होतो. बहिरा नव्हतो."

फाटकाबाहेरची पोरं सगुणाकडे बघू लागली.

"हो, म्हटलं होतं," सगुणा म्हणाली.

ती उठली. कोयता टोपलीतच राहिला. भिंतीजवळ जाऊन तिनं दोन्ही कुबड्या उचलल्या, टोपलीवर आडव्या टाकल्या आणि टोपली डोक्यावर घेतली.

"आता चालत जा," ती म्हणाली, आणि फाटकाबाहेर पडली. पोरं वाट देत तिच्यामागे गेली.

हवालदारानं कपाळ पुसलं. "आता याला जीपपर्यंत नेणार कोण?"

बळवंतनं तोंड फिरवलं. नंदू ताईकडे बघू लागला. राजाराम भिंतीपासून सुटला, फळीपुढे येऊन पाठमोरा उकिडवा बसला.

"माझे हात तुटायची वाट बघत होतास ना?" तो मागे न बघता म्हणाला. "धर आता. गळा आवळू नकोस, खांदे धर."

तो उठला तेव्हा शिवदासचा एकच पाय त्याच्या कमरेशी लोंबत होता. आवारातून जीपपर्यंत दोघं एका सावलीत गेले. नंदूला कुर्ल्याच्या त्या पायऱ्या आठवल्या. त्यानं ताईकडे बघितलं. ती त्या सावलीकडे बघत होती.

"ताई, तो पायऱ्या उतरला तरी कसा?"

पाइप आणायला गेले त्या दिवशी चंदर शिवदासला पाठुंगळी घेऊन दुकानात उतरला होता.