दोन मिनिटांची सरासरी

मे महिन्यातल्या एका कोरड्या दुपारी, ग्रीसमधल्या एका बेटावरच्या विमानतळाच्या हवामान कचेरीत, आसिमीनाने हवेतली आर्द्रता दोनदा मोजली, आणि दोन्ही वेळा आकडा भर समुद्रात बुडाल्यासारखा आला. ती वही घेऊन खाली उतरली, धावपट्टीच्या कडेला गेली. तापमापकांच्या पांढऱ्या जाळीदार पेटीवर दोन ओले ऑक्टोपस वाळत घातलेले होते. पेटीच्या सावलीत एक तरुण केशरी जाकीट उशाला घेऊन पहुडला होता.

"हे कुणाचे?"

"एक माझा." त्याने एक डोळा उघडला. "दुसरा… अजून ठरायचंय."

"त्या पेटीत थर्मामीटर आहेत."

"मला वाटलं मधमाश्यांची पेटी आहे."

"आणि मधमाश्यांच्या डोक्यावर तू ऑक्टोपस वाळत घालतोस?"

"आमच्या काव्हालाच्या बंदरात कुठेही वाळत घालतात. ऊन सगळीकडे सारखंच."

ती हसली नाही. वर येऊन तिने दोन्ही नोंदी लाल शाईने खोडल्या आणि कारणाच्या रकान्यात 'बाहेरचा अडथळा' असं लिहिलं. हसू आलं ते त्यानंतर, खिडकीकडे पाठ करून.

त्या अडथळ्याचं नाव स्ट्रातोस. उतरलेल्या विमानासमोर उभं राहून, हातांच्या खुणांनी त्याला जागेवर आणायचं, हे त्याचं काम. दोन विमानांच्या मधल्या वेळात तो तिच्या खिडकीखाली येऊन उभा राही.

"आज वारा किती?"

"बारा नॉट."

"आणि तुझा मूड?"

"त्याचं यंत्र नाहीये इथे."

"मग मी अंदाजाने सांगू?"

"अंदाज चालत नाहीत," ती म्हणे, आणि खिडकी मात्र उघडीच ठेवी.

असा सगळा उन्हाळा गेला. ऑक्टोबर संपत आला तशा समुद्रकाठच्या खुर्च्या एकावर एक रचल्या गेल्या, परदेशची विमानं एकेक करून बंद झाली. हिवाळ्यात बेटावर अथेन्सचं छोटं विमान तेवढं यायचं, आणि त्याला खुणा करायला जादा माणूस लागत नसे. स्ट्रातोसच्या भावाची श्टुटगार्टला खाणावळ होती. त्याने बोलावून घेतलं होतं.

श्टुटगार्टच्या शेवटच्या विमानाच्या दिवशी सकाळी स्ट्रातोस तिच्या दारात आला.

"आसिमीना, मी जाऊ?"

"तिकीट काढलंयस ना."

"ते काढलंय. मी विचारतोय ते वेगळं आहे."

ती वाऱ्याच्या तबकडीकडे बघत राहिली. उत्तर जिभेवर होतं. तिथून पुढे सरकत नव्हतं…

"बरं," तो म्हणाला. "तुला सांगायचं नसेल तर वाऱ्याला विचारू. विमान उतरलं तर जातो. अथेन्सला वळवलं तर जर्मनी राहिली. इथेच होड्या रंगवीन."

"असं कुणी ठरवतं का?"

"मग तू ठरव."

ती पुन्हा तबकडीकडे वळली. तो जिना उतरून गेला.

दुपारी उत्तरेचा वारा डोंगरावरून खाली आला, थेट धावपट्टीवर आडवा. पंचवीस नॉटच्या वर आडवा वारा असला की इथे विमान उतरत नसे. तबकडीचा काटा एकोणीसवरून सत्तावीसवर उडी मारी आणि परत येई. त्यातून दोन मिनिटांची सरासरी डोळ्यांनी काढायची, आणि आकडा टॉवरवर कळवायचा. तो एकटी आसिमीना देई.

फोन वाजला. टॉवरवरचे मिल्तोसकाका.

"पोरी, वारा सांग. विमान दहा मैलांवर आलंय."

"दोन मिनिटं द्या."

"दोनच."

तिने घड्याळ लावलं. एकवीस. सव्वीस. चोवीस. सव्वीस म्हटलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. विमान अथेन्सला वळलं असतं, खाली बसलेले पाहुणे कुरकुरत एक दिवस जास्त राहिले असते. खोटं बोलून कुणाचं फारसं वाईट होणार नव्हतं, हीच तर पंचाईत होती. एकोणीस. पंचवीस. तिच्या तळहाताला घाम फुटला.

"आसिमीना?"

काटा थरथरला… खाली आला.

"तेवीस," ती म्हणाली.

विमान तिरकं होत आलं. एक पंख झुकला, सावरला, चाकं टेकली. अर्ध्या तासाची नोंद लिहून होईपर्यंत खाली विमानात बॅगा चढल्या होत्या. आता पुढच्या नोंदीला अठ्ठावीस मिनिटं होती. ती जिन्यावरून धावत सुटली.

काचेच्या दारापाशी, बॅगा नोंदवून घेणारी वांगेलियो मावशी प्रवाशांची यादी घेऊन उभी होती. उन्हाने लालबुंद झालेल्या पाहुण्यांच्या रांगेत सगळ्यात मागे स्ट्रातोस होता.

"वारा तेवीस होता," आसिमीना धापा टाकत म्हणाली.

"कळलं. विमान दिसतंय मला."

"सव्वीस सांगितलं असतं तरी चाललं असतं."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मी जावं असंच तुला—"

"नाही. वाऱ्याच्या नावावर मला तुला ठेवून घ्यायचं नव्हतं. फेब्रुवारीत कंटाळलास तर म्हणशील, वाऱ्याने अडकवलं. वाऱ्याने नाही, मी अडकवतेय. तू राहा. मला… मला तू हवा आहेस."

रांग पुढे सरकली. स्ट्रातोस जागचा हलला नाही.

"पाच महिने लागले तुला," तो हळूच म्हणाला.

"मला खात्री करून घ्यायची होती."

"आणि आता माझी बॅग विमानात गेली. माणसाशिवाय बॅग नेत नाहीत, ती शोधायला सगळ्या बॅगा उतरवाव्या लागतील. वारा वाढला तर विमान इथेच अडकेल आणि हे सगळे मिळून मला समुद्रात टाकतील."

"कुणाची बॅग?" मावशीने यादीतून मान वर केली नाही. "तुझी माझ्या टेबलामागे आहे. चिठ्ठीच बांधली नाही मी तिला. मे महिन्यापासून तुम्हा दोघांचं बघतेय. या वाऱ्यात दीडशे बॅगा उतरवायला मला वेड लागलंय का?" तिने पेन सरळ धरलं. "लवकर सांग, दार बंद करायचंय. माणसं किती लिहू? एकशे त्रेसष्ट की एकशे बासष्ट?"

स्ट्रातोसने आसिमीनाचा हात धरला. घामाने ओला होता, तरी सोडला नाही.

"एकशे बासष्ट," तो म्हणाला.