डावी फळी

"विकर्सची पहिली बायको अजून त्या नावेवर..."

एवढंच प्रूडन्सच्या कानी पडलं. ती पाणी भरायला आलेली दिसताच कालव्याच्या बोगद्याचा चौकीदार गप्प झाला.

उरलेलं वाक्य प्रूडन्सने मनातच पुरं केलं: ...लपलेली आहे! दोन वर्षांपूर्वी लव्हिनिया बोगद्यात पडली, प्रेत गाळात गेलं, असं ईनॉक विकर्स सांगायचा. सांगणारा तो एकटाच. आणि येत्या रविवारी प्रूडन्सची भाची टॅमर त्याच्याशी लग्न करणार होती!

प्रूडन्सची आणि ईनॉकची नाव कालव्यात शेजारीशेजारी बांधलेली. प्रूडन्स गरम पाव घेऊन त्याच्या केबिनमध्ये शिरली. एक कप, एक उशी. तिने बाकाखाली पाहिलं, कोळशाची पेटीही उघडली. कुणी नव्हतं.

"काय हरवलं, काकू?" मागून ईनॉक.

"माझं मेलीचं कानातलं! आज मीही येते रे बोगद्यातून. टॅमर नेईल घोडा टेकडीवरून."

तो थबकला. "या. पण दिवा डावीकडे नेऊ नका."

बोगद्यात नाव ओढणाऱ्या घोड्याला वाट नाही. नावेच्या पुढच्या टोकाला दोन बाजूंना दोन फळ्या टाकायच्या, दोघांनी त्यांवर उताणं पडायचं आणि भिंतींवर पावलं टाकत नाव पुढे रेटायची. एकट्याने रेटली तर ती पलीकडच्या भिंतीवर आदळते.

ईनॉक उजव्या फळीवर आडवा झाला. डावी रिकामी. प्रूडन्स मागे दिवा धरून बसली.

पाठीमागचा उजेड बारीक होत विझला. ओल्या विटांचा, काजळीचा वास. त्याच्या खिळ्यांच्या बुटांची टाप... टाप... आणि ती कोळशाने भरलेली जुनी नाव सुतासारखी सरळ चाललेली. प्रत्येक टापेमागून दुसरी टाप येत होती. हलकी. अनवाणी.

"ईनॉक... आवाज घुमतोय ना रे हा?"

"बोलू नका, काकू... तिचा ठेका चुकतो."

पलीकडच्या तोंडाशी टॅमर घोडा धरून उभी होती. "काय आत्या, झाली झडती? सापडली का माझी सवत?"

"जिवंत कुणी नाही गं," प्रूडन्स पुटपुटली.

"रविवारपासून ही फळी तुझी," ईनॉक टॅमरला म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

टॅमर हसत त्या डाव्या फळीवर बसायला आली. प्रूडन्सने झटकन आधी हात टेकला. कालव्याच्या कडेला बर्फ धरलेला, आणि फळी मात्र अंथरुणासारखी ऊबदार. कुणी आत्ताच उठलं असेल म्हणून तिने हात तसाच ठेवून वाट पाहिली.

ऊब कमी होईना.

"बसू नकोस, टॅमर..."