खोली क्रमांक सातचा अहवाल

दारावरची बेल वाजली तेव्हा वहिनी गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसल्या होत्या आणि भाऊजी दाढीला तेल लावत होते. उठायचा कंटाळा दोघांनाही होता. बेल दुसऱ्यांदा वाजली तेव्हा भाऊजीच उठले, कारण कंटाळ्याच्या बाबतीत वहिनींपुढे त्यांचं कधीच काही चाललं नव्हतं.

वहिनी पूर्वी केंद्र सरकारच्या देखरेख खात्यात निरीक्षक होत्या. राष्ट्रीय अण्वस्त्र प्रयोगशाळेवर नजर ठेवायची, हे त्या खात्याचं काम. वीस वर्षं नजर ठेवून ठेवून डोळे थकले, तशी त्यांनी नोकरी सोडली. आता त्या खात्याच्या चौकशीत अडकलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने खासगी तपास करत. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, टंकलेखनाचे निवृत्त मास्तर. जबान्या टिपून घेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. टिपलेलं समजतं का, हा प्रश्न घरात कोणी काढत नसे.

दारात साठीच्या आसपासच्या एक बाई उभ्या होत्या. प्रयोगशाळेच्या दफ्तरदाराची बायको.

"बावीस दिवस राहिलेत हो यांच्या निवृत्तीला," त्या बसता बसता म्हणाल्या. "आणि आता म्हणतायत, गुप्त कागद गायब केला म्हणून खटला भरणार. या वयात तुरुंग? ज्या माणसानं ऑफिसची टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही, तो माणूस..."

"कोणता कागद?" वहिनींनी विचारलं.

"खोली क्रमांक सातच्या तपासणीचा अहवाल. निरीक्षकांनी मोहोर लावून पाकिटात दिला होता, एकच प्रत. यांच्या तिजोरीत होता. या वेळी केंद्राची समिती तो उघडून बघणार होती. बुधवारी सकाळच्या मोजणीत पाकीट नाही. तिजोरीचे आकडे फक्त दोघांना माहीत, यांना आणि निरीक्षकांना."

"आणि निरीक्षक स्वतःचाच अहवाल कशाला चोरतील?"

"सगळे तेच म्हणतात." बाईंनी पदराने डोळे पुसले. "त्यात आमचा जावई त्याच खोलीत कामाला. अहवालात खोली बंद करा असं लिहिलं असणार, म्हणून सासऱ्यानं जावयाची नोकरी वाचवली, अशी कुजबुज आहे. मुलगी रडून रडून अर्धी झालीय."

वहिनींनी गुडघ्यावरची पिशवी बाजूला ठेवली. "भाऊजी, वही घ्या. आणि पेन चालतंय का ते इथेच बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेच्या फाटकावर दोघांना लाल पास मिळाले आणि बरोबर एक मुका वाटावा असा रक्षक. लाल पासवाल्याला त्याच्याशिवाय पाऊल टाकायची परवानगी नव्हती. केंद्राची समिती दुपारी तीनला बसणार होती. तेवढाच वेळ हाताशी होता.

दफ्तरदार म्हणजे इस्त्रीच्या घडीत राहणारा माणूस. चेहरा मात्र आठ दिवसांत उतरला होता. तिजोरी माणसाच्या उंचीची, करडी. जाड दाराच्या बाहेरच्या बाजूला एक छापील तक्ता चिकटवलेला: उघडण्याची वेळ, बंद करण्याची वेळ, सही.

"मंगळवारी शेवटची कधी उघडलीत?"

"चार वाजून दहा मिनिटांनी. निरीक्षकांना दुसऱ्या एका इमारतीचं पाकीट ठेवायचं होतं. ते समोरच उभे होते. चार वीसला बंद केली. पाचला रक्षकानं मूठ ओढून पाहिली, त्याची सही आहे."

"मंगळवारी जसं केलंत, अगदी तसंच करून दाखवा."

चौकशीसाठी तिजोरी रिकामी केलेली होती, आत फक्त कोऱ्या फायलींचा गठ्ठा. दफ्तरदाराने आकडे फिरवले आणि जड दार पूर्ण उघडून भिंतीकडे नेलं. भाऊजींनी डबीतून चष्मा काढून नाकावर चढवला, डबी तिजोरीच्या फळीवर ठेवली आणि दफ्तरदाराच्या मागोमाग गेले. दफ्तरदार दारामागे जाऊन तक्त्यावर शांतपणे वेळ लिहीत होता. आधी तास, मग मिनिटं, मग सही, मग सहीखाली रेघ.

"उघडल्यावर लगेच लिहिता?" वहिनींचा आवाज दाराच्या पलीकडून आला.

"लगेच. आत हात घालायच्या आधी वेळ लिहायची, असा नियमच आहे. एकतीस वर्षांत एकदाही चुकलो नाही." एवढं सांगताना त्याची मान जरा ताठ झाली.

"पाळताही छान," वहिनी म्हणाल्या. त्या दमल्यासारख्या दिसत होत्या.

बाहेर आल्यावर भाऊजींनी सगळे खिसे चाचपले. "चष्म्याची डबी कुठे पडली कोण जाणे."

"सापडेल. चला."

खोली सातच्या विभागप्रमुखाने त्यांना उभ्या उभ्याच गाठलं. त्याला बसायला वेळ नव्हता.

"बाई, मला पाण्यात पाहणारे बरेच आहेत इथे," तो म्हणाला. "अहवाल माझ्या विरोधात असेल, नसेल, मला काय माहीत? मला फक्त ओळ दाखवतात: तपासणी झाली, तपशील पाकिटात. पाकीट जातं वर. वरून काहीही येत नाही. सात महिने मी खोलीचा पंखा बदलून मागतोय, त्याचंही उत्तर नाही. मी कशाला चोरू? मला तर तो अहवाल हवा होता. त्यात पंख्याबद्दल लिहिलं असतं तर माझं काम झालं असतं."

"तिजोरीजवळ गेला होतात?"

"त्या इमारतीत माझा पास चालतच नाही. दारावरच्या पास वाचणाऱ्या यंत्राला विचारा."

भाऊजींनी शब्द न शब्द लिहून घेतला आणि कोपऱ्यात 'संतापी, संशयित' असं टिपलं.

देखरेख कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. खोलीत पाच टेबलं होती आणि चारांवर कापड टाकलेलं. पाचव्यापाशी निरीक्षक बसले होते, समोर चहा आणि बिस्किटं. पन्नाशीचा, खांदे पडलेला माणूस. दाढी चांगली चार बोटं लांब, तिच्यात बिस्किटाचा चुरा. गळ्यातल्या पासावरचा गुळगुळीत चेहरा धाकट्या भावाचा वाटावा असा.

"तुमच्या वेळी इथे पाच जण होते, नाही का?" ते वहिनींना म्हणाले. "आता अकरा इमारती आणि मी एकटा. जागा भरतो, भरतो म्हणतायत. चहा घ्या ना."

"खोली सातची तपासणी कधी केलीत?"

"दर महिन्याला एक असते. शेवटची गेल्या महिन्याच्या वीस तारखेला. आज बरोबर तीन आठवडे झाले. दारावरच्या कार्डावर सही आहे माझी."

"आत काय सापडलं?"

"ते पाकिटात होतं. गुप्त आहे, तोंडी नाही सांगता येणार." त्यांनी डोळे चोळले. "दफ्तरदार माणूस सरळ आहे हो. माझा त्याच्यावर आरोप नाही. पण पाकीट गेलं, त्याला मी काय करू?"

"समिती पाकीट उघडणार, हे तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी. पत्र आलं." त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून कपात पडलं आणि निरीक्षक चमच्याने त्याचे तुकडे शोधत राहिले. भाऊजींना त्यांची दया आली.

शेवटी खोली सातची बाहेरची कपडे बदलायची जागा. दफ्तरदाराचा जावई पाळी संपवून तोंड धूत होता. भिंतीला आरसा, त्याखाली ओळीने लटकवलेले दाढीचे ब्रश आणि वस्तरे, प्रत्येकावर नाव. भाऊजींकडे पाहून तो हसला.

"काका, दाढी झकास आहे. पण ही घेऊन आत नाही जाता यायचं हं."

"का बरं?" भाऊजींचा हात आपोआप हनुवटीकडे गेला.

"मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो. केस असले की फटीतून हवा शिरते. पूर्वी नव्हता लागत. हवा खेचणारा पंखा बिघडला, तेव्हापासून मास्कशिवाय आत कुणी नाही. सात महिने झाले. मंत्री आला तरी आधी वस्तरा."

"निरीक्षक येतात का?" वहिनींनी विचारलं.

"येतात की. बाहेर कार्डावर सही असते. आमच्या पाळीत नाही कधी दिसले, दुसऱ्या पाळीत येत असतील." त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. "बाई, तुम्ही आमच्या सासऱ्यांना सोडवा. माझ्यासाठी ते कागद चोरतील? ते मला ऑफिसचं पेनसुद्धा वापरू देत नाहीत."

"आत काम कसं करता?"

"काचेच्या पेटीत. पेटीलाच जाड रबरी हातमोजे जोडलेले असतात, त्यात बाहेरून हात घालायचे. पेटीतलं विष पेटीत, आपण बाहेर. तिसऱ्या पेटीचा डावा मोजा जरा कडक झालाय, मनगटाशी पांढरट दिसतो. निरीक्षकांच्या यादीत असेलच तो."

वहिनींनी भिंतीला हात टेकला. गुडघा दुखत असेल, असं भाऊजींना वाटलं.

तीन वाजता समिती बसली. अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. दफ्तरदार टोकाच्या खुर्चीवर, हात मांडीवर. निरीक्षक खिडकीपाशी. विभागप्रमुख घड्याळ बघत होता, जावयाला साक्षीसाठी बोलावून घेतलं होतं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "चष्म्याची डबी सापडली?"

भाऊजी ओशाळले. "नाही हो. पण ते आत्ता कशाला?"

वहिनींनी पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. "सकाळी तुम्ही ही तिजोरीत ठेवलीत आणि दफ्तरदारांबरोबर दारामागे गेलात. मी हात घातला आणि उचलली. तुम्ही दोघं दोन हातांवर होतात. रक्षक तर माझ्यामागे उभा होता, त्यालाही कळलं नाही. तक्ता दाराच्या बाहेरच्या अंगाला आहे. दार उघडलं की तो भिंतीकडे जातो आणि लिहिणारा दाराआड. दफ्तरदार आधी वेळ लिहितात, कारण नियम तसा आहे. नियम मोडणारा माणूस असता तर चोरी झालीच नसती."

दफ्तरदाराने मांडीवरचे हात टेबलावर ठेवले.

"मंगळवारी चार दहाला तिजोरीसमोर एकच माणूस उभा होता," वहिनी म्हणाल्या.

"मी?" निरीक्षक म्हणाले. "माझाच अहवाल?"

"हाच प्रश्न सगळे विचारत होते, म्हणून तुमच्याकडे कुणी पाहिलं नाही. अहवाल चोरायला तो असावा लागतो. विभागप्रमुखांना तो हवा होता. जावयाला वाटत होतं, मोजा अहवालातल्या यादीत असेल. पाकीट उघडलं जाण्याची भीती फक्त एकाला होती. पत्र सोमवारी आलं, पाकीट मंगळवारी गेलं."

"कार्डावर माझी सही आहे!"

"कार्ड खोलीच्या बाहेर लटकतं. आत जायला मास्क लागतो आणि मास्कला गुळगुळीत चेहरा. सात महिने हाच नियम आहे. तपासणी तीन आठवड्यांपूर्वी झाली म्हणता." वहिनींचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "चार बोटं दाढी तीन आठवड्यांत वाढत नाही हो."

भाऊजींनी पेन थांबवलं. सकाळपासून ते स्वतःच्या दाढीवरून हात फिरवत होते, आणि ही गोष्ट त्यांना सुचली नव्हती. त्यांनी मुकाट्याने 'संतापी, संशयित' खोडलं.

निरीक्षकांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "कोरे कागद होते पाकिटात. मंगळवारीच कागद कापायच्या यंत्रात घालून भुगा केला. पहिल्या महिन्यात ठरवलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. मग तो आठवडा आलाच नाही. अकरा इमारती. रोज एक सही केली की घरी जाता येत होतं. दाढी करायचंही सुटलं. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. शप्पत सांगतो. कुणी विचारलंच नाही."

"आधीची सहा पाकिटं?" वहिनींनी अध्यक्षबाईंना विचारलं.

"आमच्या गोदामात आहेत." अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "एकही उघडलेलं नाही."

मग जावई उभा राहिला. "म्हणजे आमची खोली सात महिने कुणी पाहिलीच नाही? मी रोज हात घालतो त्या मोज्यात."

"काम थांबवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तपासणी आत्ता व्हायला हवी. या खोलीचं प्रशिक्षण घेतलेला केंद्राचा माणूस कोण आहे?"

विभागप्रमुखाने निरीक्षकांकडे बोट दाखवलं. "हेच. दुसरा मागवायचा तर आठ दिवस."

वहिनींना हसू आलं असतं, पण तेवढं बळ उरलं नव्हतं.

मग ज्यांच्यावर आता आरोप होता ते निरीक्षकच खोली सातबाहेरच्या आरशासमोर उभे राहिले आणि जावयाने स्वतःचा वस्तरा त्यांच्या हातात दिला. दाढी बेसिनमध्ये पडत गेली. खालून पासावरचा चेहरा निघाला, फक्त दहा वर्षांनी म्हातारा. मास्क लावून निरीक्षक आत गेले, बरोबर अध्यक्षबाई, नजर ठेवायला.

पाऊण तासाने दोघं बाहेर आले. तिसऱ्या पेटीच्या डाव्या मोज्याला मनगटाशी चीर गेली होती. बाहेरचा थर फाटला होता, आतला एक थर टिकून होता. जावयाचे हात किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राखाली धरले गेले, एकदा, दोनदा, तीनदा. यंत्र गप्प राहिलं. दफ्तरदाराने जावयाची मनगटं धरली आणि सगळ्यांसमोर रडला.

संध्याकाळी पाचच्या आत निरीक्षकांनी अहवाल लिहून पाकिटात घातला, मोहोर लावली. उद्यापासून त्यांची स्वतःची चौकशी सुरू होणार होती. दफ्तरदाराला त्याची खुर्ची परत मिळाली होती, बावीसातले एकवीस दिवस उरले होते. त्याने तिजोरी उघडली. सवयीने दारामागे जायला निघाला आणि मध्येच थांबला.

"उघडा ते," तो निरीक्षकांना म्हणाला.

"मोहोर लावलीय. आणि तुम्हाला वाचायचा अधिकार नाही. नियमात बसत नाही ते."

"नाही बसत," दफ्तरदार म्हणाला. "मी वाचत नाही. आत काही लिहिलंय का, तेवढं बघतो."