चोवीस धुतलेल्या बाटल्या

सकाळी साडेनऊला संचालकांनी नमुन्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि ते उंबऱ्यावरच थबकले. काल संध्याकाळपर्यंत समुद्राच्या पाण्याने भरलेल्या चोवीस बाटल्या क्रेटमध्ये उलट्या ठेवल्या होत्या. रिकाम्या. झाकणं शेजारी ओळीने मांडलेली.

तासाभरात त्यांनी दशांशरावांना बोलावून घेतलं.

दशांशराव म्हणजे मोजमापांचे निवृत्त तपासनीस. शेवटच्या दशांशावरून त्यांनी इतक्या जणांशी वाकडं घेतलं होतं, की त्यांच्या निरोप समारंभाला सहा माणसं आली, त्यातली दोन चुकून. नाव मात्र कायमचं चिकटलं.

त्यांनी एक बाटली उचलली. काठावरचा थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला.

"कोणावर संशय?"

"संशय कसला, उघडच आहे. धाकटीवर."

समुद्राचा अभ्यास करणाऱ्या त्या संस्थेत दोघी बहिणी कामाला होत्या. धाकटी जहाजावर जाऊन पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायची. थोरली तळमजल्यावर सेन्सर तपासायची. थोरलीचा नवरा मोहिमेचा प्रमुख होता.

भांडण खारेपणाचं होतं. जहाजावरून खोल पाण्यात सोडलेला सेन्सर तापमान आणि खारेपणा मोजतो. पण यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून त्याच ठिकाणचं पाणी दोन-दोन बाटल्यांत भरून आणतात. या वेळी सेन्सर म्हणाला, तळाच्या पाण्याचा खारेपणा घटलाय. प्रमुखाने ते जगभर जाहीर करून टाकलं. मागच्या आठवड्यात प्रत्येक जोडीतली एक-एक अशा चोवीस बाटल्यांचा पहिला संच मोजला, तर तो म्हणाला, काहीही घटलेलं नाही.

"प्रमुखांचं म्हणणं, झाकणं सैल राहिली, पाणी उडालं, म्हणून बाटल्या जास्त खारट निघाल्या," संचालक म्हणाले. "दुसरा संच आज बाहेरच्या प्रयोगशाळेत जायचा होता. आपला गलथानपणा उघडा पडेल म्हणून तिने तो ओतून दिला. पाच वाजता तिला कमी केल्याचं पत्र देतोय. पुन्हा कुठल्याही जहाजावर तिला घेणार नाहीत."

"पाचला अजून वेळ आहे," दशांशराव म्हणाले.

धाकटी जिन्याखालच्या बाकावर बसली होती. चाळिशीची, उन्हाने रापलेली. जमिनीवर असली की बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहायची. स्वतःचं घर तिने कधी केलंच नव्हतं.

"काल संध्याकाळी कुठे होतीस?"

"इथेच. सहाला निघाले. किल्ली संचालकांच्या खोलीबाहेरच्या खिळ्यावर टांगली."

"ती तिथून कोणीही घेऊ शकतं?"

"कोणीही."

"झाकणं सैल राहिली होती?"

"नऊ वर्षांत एकही राहिलं नाही, काका. पण हे मीच सांगून काय उपयोग?"

"बरं. मोजून झालं की बाटल्या रिकाम्या कशा करतेस?"

तिने त्यांच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "पूर्ण रिकाम्या करतच नाही. तळाशी समुद्राचं पाणी राहू देते. गोडं पाणी बाटलीला कधी लावायचं नाही, पुढचं माप बिघडतं."

"सोमवारचं जहाज तुझंच ना?"

"होतं," ती म्हणाली. "काका, मला दुसरं काही येत नाही."

प्रमुख आपल्या खोलीत येरझाऱ्या घालत होता.

"तुम्ही सेन्सरला हात लावला होता?"

"मी? मला साधा स्क्रू काढता येत नाही. घरातला दिवासुद्धा बायकोच बदलते."

"सेन्सर बिघडला असेल असं नाही वाटलं?"

"परत आल्यावर तपासला की. चोख निघाला. कागद आहे. मेहुणी आहे म्हणून मी तिला पाठीशी घालू का? उलट माझीच शोभा झाली."

हे तो मनापासून बोलत होता, आणि त्याचाच दशांशरावांना जास्त राग आला.

मागच्या शेडमध्ये समुद्रात सोडायची लोखंडी चौकट उभी होती. खारेपणाचा सेन्सर तपासणीसाठी काढून नेलेला. त्याच्या शेजारच्या तापमानाच्या सेन्सरवरून दशांशरावांनी बोट फिरवलं. पिवळट, बुळबुळीत थर बोटाला लागला. त्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि तळमजल्यावर गेले.

थोरलीची खोली लखलखीत होती. मधोमध मिठाच्या पाण्याची टाकी, भिंतीला टांगलेली नोंदवही. तिने चहा दिला. त्याआधी दोन्ही कप शुद्ध पाण्याच्या पिचकारीने विसळून, फडक्यावर उलटे ठेवून निथळले.

वहीत नेहमीप्रमाणे दोन ओळी होत्या. पहिली, सेन्सर जहाजावरून जसा आला तसाच मळका मोजलेला. दुसरी, धुतल्यावर मोजलेला.

"दोन्ही आकडे जुळतात," दशांशराव म्हणाले.

"हो. काही फरकच पडला नव्हता."

"शेवटच्या दशांशापर्यंत जुळतात."

"चांगला सेन्सर आहे, काका." तिने वही मिटली. "धाकटीचं काय होईल?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"ती सावरेल. पहिल्यापासून धीराची आहे."

साडेचारला सगळे संचालकांच्या खोलीत जमले. पत्र टेबलावर टाईप करून तयार होतं.

"सैल झाकणाची गोष्ट आधी," दशांशरावांनी सुरुवात केली. "एक झाकण जास्त सैल असेल, दुसरं कमी. मग पाणीही कमीजास्त उडायला हवं. पण पहिल्या संचाच्या चोवीसच्या चोवीस बाटल्यांत सेन्सरशी फरक एकसारखा आहे. चोवीस झाकणं ठरवून एवढी शिस्तीत सैल होत नाहीत. चूक एकाच ठिकाणी आहे. सेन्सरमध्ये."

"तो तपासलाय," प्रमुख म्हणाला.

"धुऊन तपासलाय. शेजारच्या सेन्सरवर बोटाला लागेल एवढी घाण आहे. तशी खारेपणाच्या सेन्सरच्या नळीत बसली, की तो खारेपणा कमी दाखवतो. तुमचा मोठा शोध म्हणजे ती घाण. मळक्या सेन्सरचं माप वेगळं आणि धुतलेल्याचं वेगळं यायलाच हवं होतं. वहीत दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आहेत. एकच सेन्सर लागोपाठ दोनदा मोजला तरी शेवटचा दशांश हलतो. म्हणजे दुसऱ्या ओळीवरून पहिली उतरवलीय."

प्रमुखाने बायकोकडे पाहिलं. ती टेबलाकडे पाहत होती.

"आता बाटल्या. धाकटीने ओतल्या असत्या तर तळाशी समुद्राचं पाणी राहिलं असतं. प्रमुखांनी ओतल्या असत्या तर फरशीवर डबकं झालं असतं. या बाटल्या शुद्ध पाण्याने विसळून, उलट्या निथळायला ठेवल्या होत्या. मी चव घेतली. खारटपणाचा मागमूस नाही. नमुने भरणारा माणूस झोपेतही बाटलीला गोडं पाणी लावणार नाही. सेन्सरवाल्याचे हात मात्र कुठलंही भांडं विसळल्याशिवाय राहत नाहीत. आज मला चहाच्या कपातही तेच दिसलं, थोरल्या बाई."

थोरली सांगू लागली, हिशेबी आवाजात.

"मळका मोजला तेव्हा त्याने खारेपणा कमी दाखवला. मी चारदा मोजला. ते पान मी फाडलं. तोवर यांनी जाहीर करून टाकलं होतं."

"मला सांगायचं होतंस," प्रमुख म्हणाला.

"सांगितलं असतं तर मागे घेतलं असतं?"



"बाटल्या ओतल्यावर माझं नाव येणार," धाकटीने विचारलं, "हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि?"

"यांचं सगळं आयुष्य त्या शोधात होतं. तुझ्यामागे कोणी नाही. ना नवरा, ना मूल. वाटलं, तुझं काय, तू कुठेही निभावून नेशील."

हे ऐकून दशांशरावांना वाटलं, आज आपण घरीच राहिलो असतो तर बरं झालं असतं. सत्य शोधायची हौस त्यांना चाळीस वर्षं होती, पण ते सापडल्यावर खोलीत बसवत नसे.

संचालकांनी पत्र फाडलं. थोरलीकडून तळमजल्याच्या किल्ल्या घेतल्या. प्रमुख बायकोसाठी न थांबताच निघून गेला.

सोमवारी सकाळी धाकटी ट्रंक घेऊन धक्क्यावर आली. ट्रंकेत तिचं सगळं होतं. मागची खोली तिने रिकामी केली होती आणि बहिणीने दार लावून घेतलं, तेव्हा दोघी एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

जहाजाच्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. तिने सगळं भरलं आणि शेवटचा रकाना सोडून फॉर्म परत दिला.

"बाई, हे राहिलं. समुद्रात काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं?"

"कोणालाच नाही."

"तसं चालत नाही. एक नाव लागतंच. जवळचं कोणीही."

तिने पेन परत घेतलं. मागे रांग खोळंबली होती. मग खाली वाकून तिने बहिणीचं नाव लिहिलं.