आधी मला सांगायचं!

सदुसष्ट सालची गोष्ट. अमडापूरच्या बाजारात मी मिरच्या निवडत होते... आणि समोर आमचे हे! सकाळी ‘शेतात जातो’ म्हणून निघालेला माणूस दवाखान्यातल्या तानाबाई नर्सशी हसून बोलत होता. तिच्या केसांत अबोलीचा गजरा. तिनं यांच्या हातात हळूच एक पुडी ठेवली – यांनी ती झटकन खिशात टाकली.

माझ्या मुठीत मिरची चुरगळली.

लग्नाला पाच वर्षं झालेली, पदरात एकच लेक, कमल. मला चार लेकरं हवी होती. कमलच्या वेळी मी दोन दिवस अडले, बैलगाडीतून चिखलीला नेलं. त्यानंतर काहीच नाही. जावेला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा मी तिच्याकडं पाहायचंही टाळायची. आणि आता पंधरा दिवस हे अंगणात वेगळी बाज टाकून झोपत होते.

परतताना यांच्याच बैलगाडीत मी तोंड फिरवून बसले.

“जळून राह्यली का?” यांनी हसून विचारलं.

“जळंल माही चप्पल! तुमी पाहा तिचा गजरा.”

“गोजर...” यांनी माझं नाव घेतलं.

“पुडीत काय हाय?”

यांनी कासरा ओढून गाडी थांबवली.

“गोळ्या. चिखलीच्या शिबिरात म्या नसबंदी करून घेतली. टाके पिकले.”

मला क्षणभर कळेचना. मग कळलं.

“मले न इचारता?”

“डाक्टर म्हणला होता, दुसऱ्या खेपेले ही वाचनार नाही. तुले सांगतलं असतं तं तू म्हणली असती, होऊ द्या.”

खरंच म्हणाले असते.

“मले चार पाह्यजे होते हो...”

“मलेबी. पन तुह्याबिगर त्यायले घेऊन मी काय करू?”

मी रडले. जे कधी येणारच नव्हते, त्या तिघांसाठी रडले. हे माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. रडता रडता पुन्हा तीच कळ उठली –

“तिले आधी माहीत झालं. मले नाही! माह्या जिवाचं काही ठरवाचं, तं आधी मले सांगाचं.”

“चुकलं.” यांनी कान धरले.

मी पुढं सरकून यांच्या शेजारी बसले.

“पट्टी कोन बदलते?”

“कंपाउंडर.”

“तिनं नाही ना?”

“नाही वं!”

“उद्यापासून मी बदलीन,” मी म्हटलं. “अन् आजपासून बाज घरात.”