मालोजी अण्णांचा स्वल्प

मोहीम एका डब्यासाठी होती. शिखर सर करायचं नव्हतं, विक्रम मोडायचा नव्हता, दुर्मीळ पक्षीही बघायचा नव्हता. तोट्टिलबेट्टा नावाच्या डोंगरावर जेवणाचा एक स्टीलचा डबा अकरा महिने पडून होता. तो आणायला बेंगळुरूतल्या येलहंक्याच्या एका घरातून अक्षरा आणि तिचा धाकटा भाऊ अभिराज निघाले होते. सोबत होता तीस मीटर दोर, जळवांसाठी दोन पुडे मीठ आणि वनखात्याची चिठ्ठी. चिठ्ठीत 'प्रवासाचा हेतू' या रकान्यात अभिराजने प्रामाणिकपणे 'डबा' असं लिहिलं होतं. कारकुनाने ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. सरकारी कागदावर त्याने याहून विचित्र काहीतरी नक्कीच पाहिलं असणार.

डबा त्यांच्या आईचा, गोजराबाईंचा. झाकणावर 'चि. गोजरेस, मामांकडून' असं कोरलेलं. डोंगरावर नेला होता त्यांच्या वडिलांनी, मालोजींनी.

मालोजी बसस्टँडवर टाइमकीपर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक फुकटचं खातं उघडलं: डोंगरवाटांची खबर. बेंगळुरूतली पोरं शनिवार-रविवारी डोंगरांवर पळतात. पळण्याआधी ती मालोजींना फोन करत. "अण्णा, गेट उघडं आहे का? ओढ्याला पाणी किती? हत्ती कुठल्या अंगाला?" मालोजी मग पायथ्याच्या गावातल्या कोणातरी ओळखीच्या माणसाला फोन लावत, आणि जमेल तेव्हा स्वतः जाऊन वाट पाहून येत. सगळं एका लांबलचक रजिस्टरात टिपलेलं. बसच्या वेळा मिनिटाला मिनिट लावून लिहिण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस अंतर मात्र एकाच मापात लिहायचा. देवळापासून स्वल्प पुढे. वळणापासून स्वल्प वर. स्वल्प म्हणजे थोडंसं. कन्नड मुलखात हा शब्द हाताच्या बोटापासून शेजारच्या जिल्ह्यापर्यंत कशालाही पुरतो.

गेल्या डिसेंबरात ते तोट्टिलबेट्ट्याहून परतले आणि म्हणाले, "डबा डोंगरावर राहिला." त्या दिवसापासून गोजराबाईंनी त्यांना सोडलं नाही. सकाळी डबा, दुपारी डबा, पाहुण्यांसमोर डबा. फेब्रुवारीत मालोजींच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "खाणं कधीपासून तुटलंय?" गोजराबाई म्हणाल्या, "तुटलंय कुठलं? डोंगरावरसुद्धा डबा नेतात." मार्चमध्ये एका सकाळी त्या इस्पितळात त्यांना म्हणाल्या, "लवकर बरे व्हा आणि आधी माझा डबा आणून द्या." मालोजी हसले. दुपारी ते गेले.

तेव्हापासून गोजराबाईंनी डब्याचं नाव काढलं नव्हतं. फक्त फळीवरच्या त्या रिकाम्या जागी त्यांचा हात रोज जायचा आणि परत यायचा. शेवटचं बोलणं डब्यावरून झालं, एवढंच त्या एकदा अक्षराला म्हणाल्या होत्या.

निघताना त्या दारात आल्या. "सरी, बरं. जा. पण डब्यासाठी म्हणून जाऊ नका हं. असेच फिरायला जा."

"असेच जातोय," अभिराज पाठीवरचा दोर सावरत म्हणाला.

तिसरा गडी देवव्रत. अभिराजच्या महादेवपुऱ्यातल्या ऑफिसातला, मूळचा पुण्याचा. चार वर्षांत त्याला कन्नडचे तीनच शब्द आले होते: गोत्तिल्ला, एष्टु आणि स्वल्प. माहीत नाही, केवढ्याला, आणि थोडं. एवढ्यावर शहर चालतं, असं त्याचं म्हणणं. मालोजींच्या रजिस्टरातल्या चौदा जुन्या वाटा त्याने नकाशावर मोजल्या होत्या आणि एक शोध लावला होता.

"अक्षराताई, काकांचा स्वल्प एकदम कन्सिस्टंट आहे! एक स्वल्प म्हणजे एक पूर्णांक नऊ किलोमीटर. प्रत्येक वेळी!"

"अप्पा चालून दमले की लिहायला बसायचे," अक्षरा म्हणाली. "दमायचे तिथेच एक स्वल्प संपायचा."

तोट्टिलबेट्ट्याची नोंद रजिस्टरातली शेवटची होती. 'गेटपासून स्वल्प, फणस. फणसापासून स्वल्प, ओढा. ओढ्यापासून स्वल्प, झरा. झऱ्यापासून स्वल्प वर, सपाट दगड. डबा तिथे राहिला.'

चार स्वल्प. देवव्रतच्या गणिताने साडेसात किलोमीटर. म्हणजे डबा थेट वरच्या धारेवर!

पायथ्याला देवाप्पा भेटला. वनखात्याचा राखणदार. अकरा वर्षं तो मालोजींना फोनवर वाटेची खबर द्यायचा. तो कन्नडमध्येच बोलायचा, तेही असं की प्रत्येक वाक्य शेवटचंच असावं.

"अण्णा गेले ते मला फोन बंद लागला तेव्हा कळलं," तो म्हणाला. मग त्याने गेटाचं कुलूप काढलं. "त्या दिवशी अकरालाच खाली आले. मी विचारलं, ऊटा आयता? जेवण झालं का? ते म्हणाले, आयतु. झालं."

"वाट कशी आहे?" अक्षराने विचारलं.

"झऱ्यापर्यंत चांगली. वर जाऊ नका. जुलैच्या पावसात धार सरकलीय. अण्णांना सांगितलं असतं तर ते गेले नसते." त्याने तिघांना खालून वर पाहिलं. "तुम्ही त्यांचीच मुलं ना?"

"दोघं त्यांची. हा पुण्याचा," अभिराज म्हणाला.

सकाळी सातला गेट मागे पडलं. दव इतकं की गवत चालत्या माणसाला धुऊन काढत होतं. झाडी वरून मिटलेली, खाली पानांचा कुजका, गोडसर वास आणि कुठेतरी आत एकच पक्षी दारावरची घंटा बिघडावी तसा थांबून थांबून वाजत होता. पहिल्या दहा मिनिटांत जळवा लागल्या. वीस मिनिटांत देवव्रतने मिठाचा पहिला पुडा संपवला, त्यातलं अर्धं स्वतःच्याच डोळ्यात घातलं.

फणस आला. देवव्रतने मनगटावरचं अंतर मोजणारं घड्याळ पाहिलं. "अकराशे मीटर? चूक आहे. हा तो फणस नव्हे."

"मग हा कोणाचा?" अभिराज म्हणाला.

पण पुढे फणस नव्हताच. ओढा आला, तोही साडेपाचशे मीटरवर. ओढ्याला नोव्हेंबरातही मांडीभर पाणी होतं. दगडांवर शेवाळ. अक्षरा दोर घेऊन पलीकडे गेली, देवव्रत दोर धरून मधोमध पोचला आणि तिथेच बसला. बसायचा विचार नव्हता, पाय गेला! पाण्याने त्याला दोन दगड खाली नेलं, अभिराजने पट्ट्याला धरून ओढलं. फोन गेला. घड्याळ वाचलं.

"बरं झालं," देवव्रत दात वाजवत म्हणाला, "फोन मघापासून यू-टर्न घ्यायला सांगत होता."

झरा दोनशे मीटरवरच होता. इथे शंकेला जागा नव्हती, डोंगरावर झरा एकच, असं देवाप्पाने सांगितलं होतं.

"काकांनी घाईत लिहिलंय," देवव्रत म्हणाला. "वाचन बिघडलंय. पण शेवटचा स्वल्प आपण एक पूर्णांक नऊच धरू."

वर धुकं उतरत होतं. अक्षरा थांबली. "देवाप्पाने नको म्हटलंय."

"अक्का, इतकं आलोय," अभिराज म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे फळीवरची रिकामी जागा होती. आईचा हात. जाणारा, परत येणारा. "रिकाम्या हातानं काय जायचं?"

वाट विचारल्याशिवाय चढायचं नाही आणि विचारल्यावर ऐकायचं, हा मालोजींचा नियम रजिस्टराच्या पहिल्या पानावर लाल शाईत होता. रजिस्टर अभिराजच्याच पाठीवर होतं.

ते चढले. झाडी संपली, छातीएवढं गवत सुरू झालं. गवत संपलं, उघडी धार आली. डावीकडे धुकं, उजवीकडे धुकं, मधे दोन हात रुंद ओली माती. सपाट दगड एकही नाही. अभिराज पुढे होता. दीड किलोमीटर. एक पूर्णांक सात. आता येईल. आता दिसेल!

माती हलली.

आवाज असा काही झालाच नाही. पायाखालचा तुकडा शहाण्या माणसासारखा गुपचूप उठून निघून गेला. अभिराज पोटावर पडला. पाय हवेत! बोटं गवताच्या मुळांत! मूळ सुटलं. दुसरं धरलं. तेही सुटत होतं. खाली दगड गडगडत गेले आणि त्यांचा तळाला लागल्याचा आवाज काही येईना.

"हलू नको!" अक्षरा ओरडली. ती आडवी पडली, तिने त्याच्या पाठपिशवीचा पट्टा पकडला. देवव्रतने मागच्या कातळाला दोर गुंडाळला, तिच्या कमरेला बांधला, टाचा मातीत रोवल्या. "खेच, ताई! खेच!"

एक हात. अर्धा हात. गुडघा लागला. अभिराज वर आला आणि बहिणीच्या अंगावर पडून राहिला.  धाप ओसरल्यावर तो म्हणाला, "बघ, हात रिकामेच."

कोणी हसलं नाही. अक्षरा रडत होती. "डबा गेला, अभि. आईला सांगू गेला म्हणून. तिची दोन्ही पोरं एका डब्यापायी गेली तर ती भांडणार कोणाशी?"

ते उतरले. झऱ्यापाशी बसले. अक्षराने ओलं रजिस्टर सुकायला दगडावर उघडलं आणि देवव्रतला सहज म्हणाली, "तुझे आकडे सांग. नोंद नीट करून ठेवू. पुढच्यांना उपयोग होईल."

"गेट ते फणस अकराशे. फणस ते ओढा साडेपाचशे. ओढा ते झरा दोनशे."

अक्षराने लिहिलं. मग ती लिहिलेल्याकडे पाहत राहिली.

"वाचन बिघडलं नव्हतं," ती म्हणाली.

अभिराजला कळायला एक क्षण लागला. अप्पा दमायचे तिथे स्वल्प संपायचा. अकराशेवर दमले. मग साडेपाचशेवर. मग दोनशेवर. घरात मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

तो उठला आणि झऱ्यापासून वर चालायला लागला, पावलं मोजत, म्हाताऱ्या माणसाची, लहान लहान. एकतिसाव्या पावलाला सपाट दगड होता. मघाशी ते तिघं त्याच्या शेजारून गप्पा मारत गेले होते.

डबा दगडावर नव्हता. दगडाखालच्या कपारीत होता, हात खांद्यापर्यंत घालावा लागेल इतका आत, आणि त्याच्यापुढे एक धोंडा नीट बसवलेला. विसरलेला डबा असा नसतो.

झाकण घट्ट होतं. मामांनी चांगला डबा दिला होता. देवव्रतने दगडाने ठोकून ते सैल केलं. खालच्या कप्प्यात भाजीचा काळा थर. वरच्या कप्प्यात पोळ्या, चामड्यासारख्या झालेल्या, घडी न मोडलेल्या. आई नेहमी तीन द्यायची. तीनही होत्या.

"टाकून देऊन रिकामा डबा आणता आला असता ना?" देवव्रत हळूच म्हणाला.

"अप्पा अन्न टाकायचे नाहीत," अक्षरा म्हणाली. "ताटाखाली सांडलेलं शीत बोटाने टिपून खायचे."

आणि भरलेला डबा घरी नेला असता तर गोजराबाईंनी पाच मिनिटांत सगळं काढून घेतलं असतं. मग डॉक्टर, मग तपासण्या, मग घराचा चेहरा. त्यापेक्षा चार महिने बोलणी खाल्ली. बोलणी तरी गिळता येत होती. 'विसरला' असंही ते कधी म्हणाले नव्हते. 'राहिला' म्हणाले. देवाप्पालाही 'आयतु' एवढंच. झालं. काय झालं, ते त्याने विचारलं नाही.

  तिघांनी पोळ्या त्या दगडाशेजारी मातीत पुरल्या. मग अभिराजने झऱ्यावर बसून डबा माती लावून घासला. दोनदा, तीनदा, कोरलेली अक्षरं चमकेपर्यंत.

"आईला सांगायचं नाही," तो म्हणाला. अक्षराने मान हलवली.

येलहंक्याला घरी पोचले तेव्हा गोजराबाई कोथिंबीर निवडत होत्या. अभिराजने डबा समोर ठेवला. "घे. वाटेतच होता. अप्पांनी जेवून, धुऊन ठेवला होता."

गोजराबाईंनी डबा उचलला. झाकणावरून बोट फिरवलं, उघडलं, वास घेतला. कोपऱ्यात नख घालून पाहिलं. 

"चाळीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "त्यांनी एकदाही डबा धुतला नाही."

अक्षराने खाली पाहिलं. अभिराजने पंख्याकडे पाहिलं.

"किती वर होता?"

"स्वल्प," अभिराज म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला.

गोजराबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी उरलेली कोथिंबीर निवडून संपवली. एक एक काडी.

सोमवारी सकाळी अभिराज ऑफिसला निघाला तेव्हा त्यांनी तोच डबा त्याच्या हातात दिला. हात मात्र लगेच सोडला नाही.

"नाही गेलं तर उरलेलं परत आण. भरलेला आण. मी काही म्हणणार नाही."

डब्यात दोडका होता. दोडका अभिराजला जन्मापासून आवडत नाही. संध्याकाळी तो अर्धा डबा तसाच घेऊन आला आणि जिना चढायच्या आधी खालूनच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "आई! उरलाय!"