फळ्यामागची हाक

नव्या बाई शाळेत रुजू झाल्या तेव्हा वर्ष अर्धं उलटलं होतं. आधीच्या बाई अचानक सोडून गेल्या होत्या, आणि व्हरांड्याच्या टोकाचा तो वर्ग कोणालाच नको होता. पोरं डोक्यावर मिरे वाटायची. घरी सांगायची सोय नव्हती, सासूबाईंचं एकच उत्तर ठरलेलं, "मग सोड की नोकरी." आधार होता तो मोबाइलवरच्या शिक्षकांच्या ग्रुपचा.

नाव 'खडू-फळा'. ठिकठिकाणचे शिक्षक, एकमेकांची तोंडंही न पाहिलेले. एक निवृत्त मास्तर तो चालवायचे. कोणी अपूर्णांक शिकवायच्या युक्त्या सांगायचं, कोणी नुसतेच विनोद टाकायचं. एखादी रडकुंडीला आली की सगळे धावून यायचे.

त्यातच होत्या मोठ्या बाई. त्या कधी लिहायच्या नाहीत, बोलून पाठवायच्या. घोगरा, थकलेला, पण मायेचा आवाज. "ओरडू नकोस गं. पाठ फिरव आणि फळ्यावर लिहीत राहा. आपोआप गप्प होतील."

आणि वर्ग खरंच चिडीचूप झाला. मुलं फळ्याकडे अशी टक लावून बघू लागली की नव्या बाईंना पहिल्यांदाच आपण शिक्षक असल्यासारखं वाटलं. तेव्हापासून त्या मोठ्या बाईंच्या शब्दाबाहेर गेल्या नाहीत.

मग ती धुक्याची दुपार आली. समोरचं फाटक दिसेना, म्हणून शाळा लवकर सोडली. मुलं गेली, आवार ओस पडलं. नव्या बाई पर्स उचलतात तोच दारात एक माणूस उभा. अंगावर कारखान्याचे कपडे, धापा टाकत होता.

"बाई, आमची चिमणी कुठाय? ती घरी आलीच नाही."

चिमणी म्हणजे पहिल्या बाकावरची सगळ्यात लहानखुरी पोर. नव्या बाईंनी पर्स तशीच बाकावर टाकली. सुटताना तिला पाहिलं होतं का? आठवेना. शिपाईमामा बॅटरी घेऊन आले. वर्ग पाहिले, गच्ची पाहिली, पाण्याच्या टाकीचं झाकणसुद्धा उघडलं. "चिमणे! ए चिमणे!" धुक्यात हाक विरून जायची, परत काहीच यायचं नाही. चिमणीचे बाबा जिन्यावर मटकन बसले.

नव्या बाईंनी ग्रुपवर लिहिलं. उत्तरं धडाधड आली. पोलिसांना कळव. जिन्याखाली बघ. बापाला एकटं सोडू नकोस. आणि मग मोठ्या बाईंचा आवाज, कुजबुजल्यासारखा.

"फळा सरकव... नाव घेऊन हाक मार... लवकर."

"फळ्यामागे काय असणार? भिंत आहे मॅडम," मामा म्हणाले. तरी तिघांनी जोर लावला. जुना लाकडी फळा करकरत बाजूला झाला. मागे कमरेएवढी चौकट, आत काळोख. ओल्या खडूचा कोंदट वास भसकन अंगावर आला.

"चिमणे..."

काळोखातून पोर रांगत बाहेर आली. अंग बर्फासारखं गार, केसांवर पांढरी भुकटी. बापाने तिला छातीशी धरलं आणि हमसून रडायला लागला. फळा हलवायला तीन माणसं लागली होती. ती आत गेली कशी, हे विचारायची ताकद तेव्हा कोणातच नव्हती.

घरी आल्यावर नव्या बाईंनी मास्तरांना फोन केला. मोठ्या बाईंचे आभार मानायचे होते, त्यांचं नाव-गाव हवं होतं.

मास्तर म्हणाले, "पोरी, मला वाटत होतं त्या तुझ्याच ओळखीच्या. तू ग्रुपवर आलीस त्याच दिवशी त्या आल्या... मी तर त्यांना घेतलं नव्हतं."

फोन ठेवून नव्या बाईंनी मोठ्या बाईंचा दुपारचा तो निरोप पुन्हा ऐकला. कानाला लावून. मोठ्या बाईंच्या आवाजामागे कोणाचा तरी श्वास होता, लहान मुलाचा. आणि त्याच्याही मागे, जाड भिंतीपलीकडून यावी तशी, दबलेली एक हाक. "चिमणे! ए चिमणे!" आवाज नव्या बाईंचा स्वतःचा होता.

दुसऱ्या दिवशी शाळेने गवंडी बोलावला. चौकट बुजवायचं काम सुरू झालं, म्हणून नव्या बाईंनी मुलांना व्हरांड्यातच बसवलं. चिमणी बापाचं बोट धरून आली, हसत होती. नव्या बाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या.

"काल आत एकटी होतीस, भीती नाही वाटली?"

"एकटी कुठे? सगळे होते की."

"सगळे... कोण?"

"आतली मुलं. त्यांनापण यायचं होतं. पण तुम्ही माझंच नाव घेतलंत ना, म्हणून मोठ्या बाईंनी मला एकटीलाच सोडलं."

नव्या बाई उठल्या आणि धावत वर्गात शिरल्या. "थांबा! थांबा हो!"

"झालंच की, बाई." गवंडी थापी पुसत होता. भिंत सपाट, ओली. "फक्त त्या पलीकडच्या वर्गातल्या पोरांना जरा दम द्या. मघापासून भिंत ठोकताहेत, गिलावा धरायचा नाही."

भिंतीपलीकडे वर्ग नव्हता. मोकळं मैदान होतं, आणि त्यावर अजून धुकं होतं.